मोझेलच्या काठाने

जर्मनीत ट्रिअरपासून कोब्लेन्झपर्यंत मोझेल नदी सतत वळत राहते. दोन्ही अंगांना द्राक्षमळ्यांचे उभे चढ. काठाची सायकलवाट मात्र बहुतेक सपाट. मोटरहोम घेऊन तेथे पाच दिवस राहण्याचा आमचा बेत आहे.

दादांचे वय ७२. हृदयाचे ठोके अनियमित असल्याने रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. मला धास्ती दमण्याची नाही, पडण्याची आहे. या गोळीवर असताना डोक्याला मार बसल्यास बाहेर जखम नसूनही आत रक्तस्राव होऊ शकतो. अशा वेळी ‘बरे वाटते आहे’ म्हणून थांबू नये, ११२ फिरवून रुग्णालय गाठावे. म्हणून हेल्मेट, बसल्याजागी पाय टेकतील अशी बुटकी सायकल, आणि बर्नकास्टेल-कूस ते ट्राबेन-ट्रारबाख एवढाच पल्ला. पुतण्या सोबतीला; गाडी घेऊन मी पुढच्या गावी.

गाडी निवडताना चालकाच्या डोक्यावरचा, शिडीचा पलंग नाकारला. रात्री लघवीला उठणाऱ्यास तो सापळाच. वहिनींचे इन्सुलिन फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यापासून दूर. गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

दादा सध्या रोज सोसायटीच्या आवारात सराव करतात. सायकलवरून उतरताना तोल अजून जातो. तिकिटे मी काढलेली नाहीत.