आरमकाठची विहीर आणि तिचा दूरचा काळ

काळाबरोबर बदलणाऱ्या आंशिक अवकल समीकरणाला दोन तऱ्हेचे प्रश्न विचारता येतात. एक, आजची स्थिती दिली तर अमुक दिवशी काय असेल? दोन, आजची स्थिती काहीही असो, पुष्कळ काळ लोटल्यावर प्रणाली कुठे कुठे सापडू शकेल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे एक संच. तो संहत असतो, आणि सुरुवातींचा कोणताही मर्यादित समूह घेतला तरी तो समूह अखेर त्याच्याकडे ओढला जातो. संचात असलेली स्थिती पुढेही संचातच राहते आणि तिचा भूतकाळही संचातच सापडतो. या संचाला ग्लोबल ॲट्रॅक्टर, म्हणजे आकर्षक संच, म्हणतात.

येथे 'स्थिती' म्हणजे एखादी संख्या नव्हे, तर एक आख्खे फलन, म्हणून अवकाश अनंत मितींचा होतो. अशा अवकाशात आकर्षक संच असतो, आणि पुष्कळदा त्याची मिती सांत असते, ही या विषयातली खरी नवलाची गोष्ट. द्विमितीय नेव्हिए-स्टोक्स समीकरणांसाठी ओल्गा लादिझेन्स्काया यांनी १९७२ मध्ये असा संच दाखवला. पुढे फोयाश, तेमाम, कॉन्स्टँटिन, बाबिन, विशिक यांनी त्याच्या मितीचे अंदाज बांधले. त्रिमितीत गाडी अजून पहिल्याच पायरीवर अडलेली आहे, कारण तिथे गुळगुळीत उकल कायम टिकते की नाही हेच सिद्ध झालेले नाही.

सटाणा तालुक्यात, म्हणजे जुन्या बागलाणात, हा विषय जमिनीखाली चालू असतो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी साठते ते मुख्यतः मुरूम झालेल्या आणि भेगाळलेल्या वरच्या थरात. त्याखाली बहुधा अखंड काळा पाषाण. पश्चिमेला साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरांवर पाऊस बरा पडतो, पूर्वेकडे तो झपाट्याने उतरतो. नदीपासून पाणलोटाच्या माथ्यापर्यंत भूजलाची पातळी एका वक्राने दाखवली, की तो वक्र हीच प्रणालीची स्थिती. तिचे समीकरण फ्रेंच गणिती बूसिनेस्क यांच्या नावाने ओळखले जाते. पाण्याच्या थराची जाडी जिथे जास्त तिथे वहनही जास्त, जिथे थर पातळ तिथे प्रवाह मंद. वहनाचा गुणक अज्ञातावरच अवलंबून असतो, आणि अरेषीयता तिथूनच येते.

पाऊस थांबला, उपसाही नाही आणि नदीचे पात्र जवळजवळ कोरडे, अशी अवस्था धरली तर बूसिनेस्क यांनी १९०४ मध्ये काढलेली उकल लागू पडते. नदीत झिरपणारा प्रवाह काळाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, आणि पातळी काळाच्या व्यस्त प्रमाणात. यात एक विलक्षण गुण आहे. सुरुवातीला थर कितीही भरलेला असो, ठरावीक काळानंतर पातळीला एक अशी वरची मर्यादा लागते, की तिच्यात सुरुवातीचा मागमूसही नसतो. रेषीय उष्णतासमीकरणात असे घडत नाही. तिथे दुप्पट सुरुवात केली की शेवटपर्यंत दुप्पटच उरते. ॲरनसन आणि पेलेटिए यांनी १९८१ मध्ये सच्छिद्र माध्यमाच्या समीकरणासाठी, ज्याचे हे एक रूप आहे, दूरच्या काळातल्या उकली याच आकाराकडे जातात हे सिद्ध केले.

नदीवर बंधारा असला की चित्र बदलते. आरम, मोसम, पांझरा या नद्यांवर फड पद्धतीचे बंधारे पिढ्यानपिढ्या चालत आले. पाटकरी पाटाचे पाणी पाळीने फिरवतो आणि एका फडात सगळे एकच पीक घेतात. जलव्यवस्थापनाची पद्धत म्हणून तिचे कौतुक बरेच झाले आहे, पण समीकरणाच्या बाजूने तिचे काम वेगळे आहे. बंधारा काठावरची पातळी शून्यावर येऊ देत नाही. सीमेवरची किंमत धन ठेवल्याबरोबर वहनगुणक कुठेच शून्य होत नाही, आणि समतोलापासूनचे अंतर अखेर घातीय नियमाने घटते. दगडचुन्याची एक भिंत घटीचा नियमच पालटते. हे भाकीत कागदावर सहज उतरते, पण विहिरीत ते ओळखायचे तर महिनोन्‌महिन्यांच्या नोंदी लागतात.

आता दरवर्षी चार महिने पाऊस आणि रब्बीत ठरावीक उपसा, असे वार्षिक चक्र घातले तर? दोन वेगवेगळ्या सुरुवाती घ्या. त्यांच्या पातळ्यांमधल्या फरकाचे एकूण घनफळ कधी वाढत नाही, आणि काठाशी नदी ते हळूहळू ओढून नेते. म्हणून दोन्ही उकली अखेर एकच वार्षिक चक्र गाठतात. दरवर्षी ३१ मे रोजीचीच नोंद ठेवली, तर आकर्षक संच म्हणजे एक बिंदू. अनंत मितींच्या अवकाशातून शेवटी एवढेच हाती येते, आणि व्यवहाराला तेवढे पुरते.

मात्र आकर्षक संच सापडल्याने तिथवर पोहोचायला किती काळ लागतो हे कळत नाही. प्रमेयांच्या पुस्तकांत या काळाला मिळणारी जागा फार थोडी, आणि शेतकऱ्याला मात्र पहिल्यांदा हाच काळ हवा असतो. उदाहरणादाखल नदी ते माथा ५०० मीटर, वहनक्षमता दिवसाला ५० चौरस मीटर आणि खडकातून निथळून मिळणारे पाणी घनफळाच्या २ टक्के धरले, तर स्मृतीचा काळ, म्हणजे सुरुवातीचा परिणाम ओसरायला लागणारा काळ, साधारण १०० दिवस निघतो. तो लांबीच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून लांबी २ किलोमीटर केली की सोळापट होतो, म्हणजे चार वर्षांहून अधिक. त्यामुळे आरमला चिकटलेल्या विहिरीला गेल्या पावसाळ्याची आठवण जेमतेम असते आणि माळावरची विहीर एका दुष्काळाचा घाव तीन-चार वर्षे वागवते.

पाऊस काही दरवर्षी सारखा पडत नाही. एडवर्ड लोरेन्झ यांनी १९६३ मध्ये दाखवले, की वातावरणाच्या अगदी सोप्या प्रारूपातही आकर्षक संच चक्र नसून गुंतागुंतीचा असतो. उकल त्यातून बाहेर पडत नाही, पण पुढे कुठल्या बाजूला जाईल हे सांगता येत नाही. पुण्यात जन्मलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी सिक्का यांच्याबरोबर १९८० मध्ये मान्सूनच्या ढगांच्या पट्ट्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा पट्टा समुद्रावरून उत्तरेकडे पुन्हा पुन्हा सरकतो आणि पावसाच्या उघडिपी त्याच्या या चालीशी जोडलेल्या असतात. असा वर्षावर्षाला बदलणारा पाऊस भूजलाच्या समीकरणात घातला, की स्थिर आकर्षक संच उरतच नाही. त्याची जागा पुलबॅक ॲट्रॅक्टर घेतो. सुरुवात अधिकाधिक मागच्या वर्षात ढकलायची आणि आज काय शिल्लक राहते ते पाहायचे. क्राउएल आणि फ्लँडोली यांनी १९९४ मध्ये यादृच्छिक प्रणालींसाठी ही कल्पना मांडली. विहिरीबाबत तिचा अर्थ सोपा आहे: आजची पातळी ही जवळपास मागच्या काही पावसाळ्यांची भारित बेरीज, आणि भार किती लवकर ओसरतात हे वरच्या १०० दिवसांसारखा आकडा सांगतो.

सर्वांत अवघड भाग उपशाचा. पातळी घसरली की पंप कमी पाणी फेकतो. असा उपसा समीकरणाला स्थैर्यच देतो. पण डाळिंबाची बाग वाळू नये म्हणून विहीर आटल्यावर कोणी बोअर घेतो, मोठी मोटार बसवतो, आणि मग काही टप्प्यात पातळी घटताना उपसा वाढतो. अशा वेळी फरकाचे घनफळ घटण्याचा युक्तिवाद कोसळतो. वरची उकल वरच राहते एवढा क्रम टिकतो, पण एकच चक्र असण्याची हमी संपते. चॅफी आणि इन्फान्टे यांनी १९७४ मध्ये अभ्यासलेल्या समीकरणाचे उदाहरण इथे उपयोगी पडते. त्यात एक प्राचल वाढवत गेले की समतोल एकाचे तीन, तिनाचे पाच असे वाढतात, आणि आकर्षक संचात त्या सर्वांसह त्यांना जोडणाऱ्या वाटाही येतात. त्यांतले फक्त दोन स्थिर असतात. बाकीचे कोणत्याही प्रत्यक्ष मोजणीत टिकलेले दिसणार नाहीत. तरीही संचाचा आकार तेच ठरवतात, कारण कोणती सुरुवात भरल्या विहिरीकडे जाईल आणि कोणती कोरड्या, याची सीमा अस्थिर समतोलातून जाते.

ही सीमा बागलाणासाठी कुठे आहे ते काढायचे, तर उपसा पातळीप्रमाणे कसा बदलतो याचा वक्र हवा. राज्यातल्या कितीतरी शेतीपंपांना मीटर नाहीत, विजेची आकारणी अश्वशक्तीवरून होत आली. तेव्हा उपसा थेट मोजता येत नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींत पातळी किती उतरली यावरून तो मागे काढावा लागतो. पण त्याच उतरणीत नदीकडे झिरपलेले पाणीही मिसळलेले असते. म्हणून कामाचा क्रम ठरतो: पाऊस संपून पंप पुरते सुरू होण्याआधीच्या आठवड्यांतल्या नोंदींवरून आधी झिरप्याचा गुणक बसवायचा, तो जानेवारीनंतरच्या उतरणीतून वजा करायचा, आणि उरलेल्याला उपसा मानायचे.