आगोटीची फाटी

एप्रिल-मे महिन्यांत पनवेलहून धोदाणीकडे निघालं की रस्त्याच्या कडेने फाटीच्या मोळ्या घेऊन चाललेल्या बायका दिसतात. आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची, सरपणाची तयारी. या भागातल्या वाड्यांवर मी आरोग्य तपासणीसाठी जाते. खोकणाऱ्या, डोळे चोळणाऱ्या बायका इतक्या भेटतात की आता मी औषधाआधी चूल कुठे आहे ते विचारते.

एका कातकरी आजींच्या घरात शेगडी प्लास्टिकमध्ये गुंडाळून फळीवर ठेवलेली होती. कोपऱ्यात टाकी, रिकामी.

"आजी, गॅस नको वाटतो?"

"नको कशाला? चहा लगेच होतो. पण टाकीला एकदम पैसे कुठून आणू?"

2016 साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे अनामत न भरता कनेक्शन मिळतं. टाकीवर अनुदान आहे, आणि 2024 पासून राज्याच्या अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन टाक्यांचे पैसे परत मिळतात. पण परत, म्हणजे नंतर, बँकेच्या खात्यात. आधी आठशेच्या वर रोख मोजावे लागतात. रोजच्या मजुरीतून रोजचा तांदूळ आणणाऱ्या घरात एवढी रक्कम एका वेळी हातात नसते. त्यात दिवाळीनंतर निम्मी वाडी वीटभट्टीवर जाते. टाकी इथे कुलपात राहते आणि तिथे पुन्हा तीन विटांची चूल पेटते.

मला याचा राग येतो. समुद्रातल्या मुंबई हायचा वायू आमच्याच जिल्ह्यात, उरणला किनाऱ्यावर येतो. स्वयंपाकाचा गॅस तिथेच वेगळा होतो. पनवेलच्या इमारतींत नैसर्गिक वायू नळाने पोहोचला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 साली घरातल्या धुराने जगभरात सुमारे 32 लाख माणसं गेली. त्या धुराच्या तोंडाशी बसणाऱ्या बायका पनवेलहून तासाभराच्या वाटेवर आहेत.

वाडीतल्या बचत गटाने आता टाकीसाठी उसने पैसे द्यायला सुरुवात केली आहे. अनुदान जमा झालं की ते फेडायचे. भाकरी चुलीवरच होते, त्यावर मी वाद घालत नाही. पण पावसाळ्यात ओली फाटी फुंकत बसणं तरी सुटावं, एवढा माझा हट्ट आहे.

यंदा दोघीजणी मोठीऐवजी पाच किलोची टाकी घेऊन भट्टीवर बरोबर न्यायचं म्हणतायत. भट्टीच्या गावी ती भरून मिळेल का, हे विचारायला सोमवारी आम्ही तिघी गॅस एजन्सीत जाणार आहोत.