झिजत चाललेली नावे

मनवेलपाड्याहून दक्षिणेस वसईच्या किल्ल्यात गेले की, फ्रान्सिस्कन साधूंच्या छप्पर हरपलेल्या चर्चमध्ये थडगी पायांखालीच लागतात. पोर्तुगीज उमरावांची नावे व कुलचिन्हे कोरलेल्या या शिळा जमिनीतच बसविलेल्या आहेत. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली; १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली. वैभव सरले, लेख उरले. आता पावसाने व पावलांनी काही शिळा भंगल्या, अक्षरे बुजली. डॉ. गर्सन द कुन्हा यांनी चौल-वसईवरील १८७६ च्या ग्रंथात येथील लेख टिपून ठेवले. अक्षय राहण्यासाठी ज्यांनी पाषाण निवडला, त्यांची नावे अखेर कागदाने राखली. नोंदीचे मोल वहीखाते जपणाऱ्या घराण्यांस वेगळे सांगावयास नको. आत जाणाऱ्याने मात्र शिळा चुकवून पाऊल टाकावे.