चालू स्थितीत

तुर्भ्यात जुन्या वस्तूचा भाव किलोवर ठरतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांतून निघालेलं लोखंड, तांबं, पितळ, मोटारींचे सांगाडे, बंद पडलेली यंत्रं, सारं काट्यावर चढतं. वस्तू कुणाची होती, किती वर्षं चालली, हे काटा विचारत नाही. अशा ठिकाणी राहून आम्ही जुन्या वस्तूंची स्वप्नं पाहतो, याचं आम्हालाच कधीकधी हसू येतं.

आम्ही म्हणजे एका इमारतीतली सात-आठ बिऱ्हाडं. कुणी रत्नागिरीकडचे, कुणी लातूर-सोलापूरचे, एक कुटुंब साताऱ्याचं. मुंबईचा कांदा-बटाट्याचा, मसाल्याचा, धान्याचा घाऊक बाजार गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत खाडी ओलांडून वाशी-तुर्भ्याला आला आणि त्याच्यामागोमाग आमचे वडीलधारे आले. येताना त्यांनी अंथरूण, भांडी आणि पत्र्याची पेटी आणली. जड वस्तू गावीच राहिल्या, आणि गावी राहिलेल्या वस्तूंचं पुढे काय होतं हे सर्वांना ठाऊक आहे. रमजानमध्ये तरावीहनंतर जिन्यात गप्पा रंगतात, तेव्हा हटकून एक विषय निघतो : बरकत झाली तर कोणती जुनी वस्तू घ्यायची?

उत्तरं ऐकली की माणूस कळतो. मसाला मार्केटात हिशेब लिहिणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांना हवा आहे पितळी वजनांचा जुना संच. मण, शेर, पावशेर, छटाक. ८० तोळ्यांचा शेर, ४० शेरांचा मण. वजन-मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १९६२ पासून मेट्रिक वजनं सक्तीची झाली. जुनी वजनं व्यापारातून गेली आणि पितळ म्हणून विकली गेली. शेजारी दिवसभर इलेक्ट्रॉनिक काट्यासमोर बसतात. मग शेराचं काय करणार? त्यांचं उत्तर तयार असतं : "फितऱ्याचा गहू मोजीन." हनफी हिशेबाने फितरा म्हणजे पावणेदोन शेर गहू. आज तोच आकडा १ किलो ६३३ ग्रॅम असा सांगतात. ६३३ कुठून आले, हे मुलांना कळत नाही. शेर ९३३ ग्रॅमचा, हे हातात वजन आल्याशिवाय कसं कळणार? वर्षातून एकदाच का होईना, त्या वजनाला काम आहे.

रत्नागिरीच्या भाईंना हवा आहे वॉल्व्हचा रेडिओ, लाकडी पेटीचा, मर्फी असेल तर उत्तम. मर्फीचा कारखाना ठाण्यात होता. २००४ साली सुरू झालेल्या लोकलने आमच्या तुर्भ्याहून थेट ठाणं गाठता येतं, त्यामुळे भाईंना तो रेडिओ आपल्याच मुलखातला वाटतो. बटण फिरवल्यावर आत वॉल्व्ह तापायला थोडा वेळ लागायचा, मग काचेवरचा दिवा उजळायचा, मग आवाज. रेडिओ ठेवायला पोस्टात लायसन्सची फी भरावी लागे. अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झाली, तेव्हा ज्याच्या घरी रेडिओ, त्याच्या ओसरीवर अख्खा मोहल्ला. आता रेडिओ मिळेलही, पण त्यातून ऐकायचं काय? बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजी थांबलं. सायानीसाहेब फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले. भाई म्हणतात, "खरखर ऐकू आली तरी पुरे. खरखर आली म्हणजे तो जिवंत आहे."

तिसऱ्या मजल्यावरच्या चाचांचं स्वप्न सर्वांत मोठं आणि ठेवायला सर्वांत अवघड. त्यांना पद्मिनी हवी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. फियाट अकराशे म्हणून आली, १९७४ पासून पद्मिनी म्हणून ओळखली गेली. चाचांनी उमेदीची वर्षं काळ्या-पिवळ्या पद्मिनीवर काढली. गिअर स्टेअरिंगजवळ, त्यामुळे पुढे त्यांच्याशेजारी दोन माणसं आरामात बसत. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मुदत संपली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. चाचांना खासगी नंबराची, पांढऱ्या पाटीची एक गाडी हवी आहे. उभी कुठे करणार, हे आम्ही विचारत नाही.

पण या गाडीनेच आम्हाला एक गोष्ट शिकवली. केंद्र सरकारने २०२१ साली व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राहिलेली गाडी व्हिंटेज. तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर, नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये. आणि अट? ती रोज चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरायला नेणं, एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. चाचांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "मग ती गाडी कसली? तो तर मकबरा झाला."

त्यांचं म्हणणं आम्ही हसण्यावारी नेलं नाही. चोरबाजारात मटन स्ट्रीटला गेलं की हेच दिसतं. पितळी भोंग्याचे ग्रामोफोन ओळीने मांडलेले असतात. त्यातले बरेच अलीकडे जोडलेले : भोंगा नवा, पेटी नवी, बिल्ला तेवढा जुन्या कंपनीचा. घेणाऱ्याला ते वाजवायचेच नसतात, दिवाणखान्यात ठेवायचे असतात. त्यात गैर काही नाही, ज्याची त्याची हौस. पण आमच्या जिन्यातल्या यादीत शोभेची वस्तू एकही नाही. जुन्या पेपरातल्या छोट्या जाहिरातींत लिहीत, तशी आम्हा सर्वांची एकच अट : 'चालू स्थितीत'.

यादीत एक वस्तू मात्र अशी आहे की तिचं नाव निघालं की गप्पा मंदावतात. आमच्या एका खालाजानना त्यांच्या माहेरची तांब्याची देग हवी आहे. तिच्यात मोहल्ल्यातल्या किती वलीम्यांचा पुलाव शिजला त्याला गणती नाही. तांब्याला कल्हई लागते. कल्हईवाला यायचा, अंगणात खड्डा करून भट्टी पेटवायचा, भाता ओढायचा, तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून कथील फिरवायचा. पांढरा धूर उठायचा आणि आतून देग चांदीसारखी व्हायची. पुढे स्टील आलं, अॅल्युमिनियम आलं, कल्हईवाले येईनासे झाले. बिनकल्हईच्या तांब्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून देग माळ्यावर गेली.

खालाजानचे वडील वारले तेव्हा वाटणी झाली. शरीयतमध्ये प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरलेला : मुलंबाळं असतील तर बायकोचा आठवा, उरलेल्यात मुलाच्या निम्मा मुलीचा. हिशेब अगदी चोख झाला, कुणावर अन्याय नाही. पण पैशाचे भाग पडतात, जमिनीचे पडतात, देगेचे कसे पडणार? इतरांचे हिस्से देऊन एकाने वस्तू ठेवून घेता येते. पण त्या वेळी खालाजानच्या हाती तेवढे पैसे नव्हते. देग मोडीत गेली, वजन झालं, रक्कम वाटली गेली. खालाजान एवढंच म्हणतात : "हिस्सा मिळाला, हक्काचा मिळाला. देग गेली."

यावर काय बोलावं, आम्हाला सुचत नाही. आज तशी देग मिळेल, पण ती दुसऱ्या कुणाच्या वलीम्याची असेल.

त्याच घरातून एक वस्तू मात्र मोडीत गेली नाही. खालाजानच्या आईची उषा कंपनीची पायमशीन. वाटणीच्या दिवशी तीही यादीत होती. पण तिच्यावर विधवा बाईचे चार पैसे सुटत होते, हे सर्व भावंडांना माहीत होतं. सर्वांनी राजीखुशीने आपापला हिस्सा सोडला. मशीन आईकडे राहिली, आईनंतर खालाजानकडे आली. आज ती तुर्भ्यात आहे. तिच्यावर साड्यांचे फॉल, शाळेचे गणवेश आणि ईदचे कुर्ते होतात. चामड्याचा पट्टा किती वेळा बदलला, पायट्याला वेल्डिंग कधी झालं, याचा हिशेब नाही. काट्यावर चढवली तर तिचं बिडाचं वजन भरपूर भरेल, पण तसा विचार त्या घरात कुणाच्या मनाला शिवत नाही.

आम्हाला वाटतं, घरातल्या जुन्या वस्तू वाचवायच्या तर त्यांना काम दिलं पाहिजे आणि त्या दुरुस्त करणाऱ्या हातालाही. कल्हईवाला असता तर देग माळ्यावर गेली नसती. म्हणून अलीकडे आमच्या यादीत वस्तूंबरोबर माणसंही आली आहेत : वॉल्व्ह बदलून देणारा मेकॅनिक, पद्मिनीचा कार्बुरेटर ओळखणारा मिस्त्री, नवसागर बाळगणारा कल्हईगर. वस्तू कदाचित मिळतील. ही माणसं आत्ताच शोधून त्यांचे पत्ते वहीत उतरवले पाहिजेत. काम मसाला मार्केटातल्या शेजाऱ्यांनी अंगावर घेतलंय. त्यांचं अक्षर चांगलं आहे.