पाच नंबरचा खेळाडू

मी गेली सहा वर्षं डोटा २ खेळतोय. चळवळीतले मित्र म्हणतात, वेळ वाया घालवतोस. काही अंशी खरंही आहे. पण परवा रात्री या खेळात मी जसा वागलो, ते तुमच्यासमोर कबूल करायलाच हवं.

खेळ पाच विरुद्ध पाच असतो. समोरच्या संघाचा ‘एन्शंट’ पाडला की जिंकलात. खेळाडूंना एक ते पाच नंबर असतात. नकाशावरचं सोनं मर्यादित, म्हणून त्यावर पहिला हक्क एक नंबरचा, म्हणजे कॅरीचा. पाच नंबरचा सपोर्ट सगळ्यात कमी सोन्यात भागवतो. अंधाऱ्या नकाशात वॉर्ड लावून तो संघाला डोळे देतो, कॅरीला वाचवताना स्वतः मरतो. शेवटी कौतुक कॅरीच्या किल्सचं होतं, सपोर्टच्या नावापुढे दिसतात ते त्याचे मृत्यू.

मी कायम कॅरी. परवा वॉर्ड नसलेल्या जंगलात एकटाच घुसलो, मेलो, आणि माईकवरून सपोर्टवर खेकसलो. लगेच आमच्यातलाच दुसरा एक जण हसत म्हणाला, "कोट्यातून आलाय वाटतं!"

टोमणा मला नव्हता. माझं आडनावही त्याला माहीत नव्हतं. पण त्याला दार मीच उघडून दिलं होतं.

आणि मी गप्प बसलो. कॉलेजात हेच हसू मी झेललंय. तेव्हा हसणाऱ्यांपेक्षा शेजारी बसून गप्प राहिलेल्या मित्रांचा जास्त राग आला होता. आता त्या गप्प मित्रांच्या जागी मी होतो. सपोर्टनं फक्त टाइप केलं, ‘वॉर्ड लावतोय, पुढे ये.’ तो शेवटपर्यंत खेळला. आम्ही हरलो. नंतर मी त्या दुसऱ्याला रिपोर्ट केलं आणि सपोर्टला लिहिलं, ‘चूक माझी होती.’ पण बोलायची वेळ केव्हाच निघून गेली होती.

अशा वेळी ‘म्यूट कर’ असा सल्ला सगळेच देतात. म्यूट केल्यानं माझे कान वाचतात. पण ज्याला लागलंय, त्याला वाटतं की उरलेले चौघंही एकाच मताचे आहेत.

कुणी म्हणेल, खेळात एवढं मनावर कशाला घ्यायचं? मग खेळातलंच उदाहरण घ्या. २०१८ च्या ‘द इंटरनॅशनल’ स्पर्धेच्या काही महिने आधी ओजी संघ फुटला होता. नव्यानं जुळवलेले पाच जण खुल्या पात्रता फेरीतून वर आले आणि अंतिम फेरीत पीएसजी एलजीडी संघाला ३-२ नं हरवून जिंकले. २०१९ मध्ये त्याच पाच जणांनी विजेतेपद पुन्हा मिळवलं. त्यांचा कर्णधार नोटेल कितव्या नंबरवर खेळायचा? पाचव्या! ज्याच्या वाट्याला सगळ्यात कमी सोनं, त्याच्याच शब्दावर संघ चालत होता.

बाबासाहेबांनी स्वातंत्र्य आणि समतेच्या बरोबरीनं बंधुता मागितली. ती सभेच्या मंचावरून बोलायला सोपी आहे. रात्री एक वाजता, हरत असताना, ज्याचा चेहराही दिसत नाही अशा माणसाशी ती पाळायची असते. मी तिथे नापास झालो.

दोस्तहो, तुमच्या संघात पाच नंबरवर कुणी असं हसलं, तर त्या वेळी तुमचा माईक चालू असू द्या. आणि आधी स्वतः खेकसू नका.