काळीत घर

आमच्याकडे गावच्या जमिनीचे दोनच प्रकार: काळी आणि पांढरी. काळीत पीक, पांढरीत वस्ती. परभणीच्या बाजूला पांढरीत आता जागा उरली नाही. मग काळी बिनशेती होते, फक्कीच्या रेघा मारून प्लॉट पडतात, आणि कोणीतरी भरदुपारी माझ्या लॅबमध्ये कॅरीबॅग घेऊन येतं. आत वरवर खरवडलेली चार ढेकळं. "साहेब, एवढी माती तपासून द्या."

ती पिशवी मी परत करतो. वरची माती पिकाच्या कामाची. घर ज्या मातीवर बसणार, ती खाली असते आणि त्यासाठी खड्डा घ्यावाच लागतो. मे महिन्यात घेतलेला बरा. तेव्हा काळीला भेगा पडलेल्या असतात. मी त्यांत टेप सोडून पाहतो. कधी तीन फूट जाते, कधी त्याहून खोल. निदान तिथवरची माती पावसाळ्यात फुगणार नि उन्हाळ्यात आकसणार. पाया त्याच्याखाली, जमलं तर मुरुमावर न्यायचा.

मला सगळ्यात आवडते ती फुगीची तपासणी. वाळवून चाळलेली माती दहा-दहा ग्रॅम दोन मापनळ्यांत घालायची. एकीत शुद्ध पाणी, दुसरीत रॉकेल. (हल्ली रॉकेल मिळवणं हीच मोठी तपासणी.) काचेच्या कांडीने ढवळून हवा काढायची आणि २४ तास हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी रॉकेलात माती ११ मिलीवर निमूट बसलेली, पाण्यात १९ वर. म्हणजे फुगी ७३ टक्के. काळीतल्या मॉन्टमोरिलोनाइटच्या पापुद्र्यांत पाणी शिरतं, रॉकेल शिरत नाही.

"एकच मजला आहे हो, कशाला तपासायचं?" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. खरं तर बुटक्या, हलक्या घराचंच भय जास्त. फुगणाऱ्या मातीला दाबून धरण्याइतकं त्याचं वजन नसतं. पावसाळ्यात कडेची माती भिजते, मधली कोरडीच राहते. मग दार चौकटीत अडकायला लागतं, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते.

मी स्वतः फसलो तो मात्र काळीत नाही, गावठाणाला लागून असलेल्या एका प्लॉटवर. दोन टोकांना दोन खड्डे घेतले, दोन्हीकडे सात फुटांवर छान मुरूम. रिपोर्ट दिला, पैसे घेतले. आखणीच्या दिवशी शेजारच्या आजी शेळ्या घेऊन चालल्या होत्या. थांबून म्हणाल्या, "तितं कुटं खांदता बाबा? तितं आड व्हता. बहात्तरला आटला, मंग केर टाकू टाकू बुजला."

आडाचं तोंड ते केवढं, पाच-सहा फूट. माझ्या दोन खड्ड्यांच्या मधे बरोबर निसटला होता. तिसरा खड्डा माझ्या खर्चाने घेतला. बारा फुटांवरही राख, खापऱ्या आणि बांगड्यांची काच निघत होती.

घर सरकवलं. रिपोर्ट नव्याने टाईप केला. 'माहितीचा स्रोत' असा रकाना त्यात नसतो, म्हणून शेऱ्यात लिहिलं: शेजारच्या आजी.