रबरी डबा

कर्जत, ४ मे

चि. चिमीस,


वेटसूटमधला तुझा फोटो आला. मामी म्हणाली, "पोरगी अगदी सील मासा दिसतेय." मी मात्र चष्मा लावून तुझ्या कमरेकडे बघत बसलो. पाठमोऱ्या फोटोत कमरेच्या वर दोन वळ्या पडल्यात. हसू नकोस, वेटसूटची परीक्षा तिथेच होते.

सूट आणि कातडी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर शिरतो आणि अंगाच्या उबेने तापतो. पण खरी ऊब धरतात ते त्या रबरातले वायूचे बारीक बुडबुडे, आणि तेच तुला तरंगवतातही. जिथे वळी, तिथे पाण्याला घर. मग प्रत्येक हाताबरोबर तापलेलं पाणी बाहेर, गार पाणी आत, आणि तू पाठीवर बादली घेऊन पोहणार! कंबर, काख, जांघ, कुठेही पोकळी नको.

पण लगेच लहान साईज मागवू नकोस. कदाचित तू तो नीट चढवलाच नसशील. तुझी घाई मला माहीत आहे. अंग कोरडं हवं. पायाला प्लॅस्टिकची पिशवी घाल, म्हणजे पाय सरकतो. मग बोटांच्या पेरांनी चिमटीचिमटीने वर ओढायचं, नखांनी नाही. आधी जांघेत पूर्ण बसू दे, मगच हात घाल. खाली दोन बोटं कमी पडलं की ती ओढ थेट खांद्यावर येते आणि हात भरून येतात. पंधरा मिनिटं लागतात, लागू देत. मानेला व्हॅसलीन फासू नकोस, त्याने रबर खराब होतं. पोहणाऱ्यांचं वेगळं मलम मिळतं.

जमिनीवर तो घट्टच वाटणार. तरी छाती भरून श्वास घेता आला पाहिजे आणि हात डोक्यावरून सहज फिरला पाहिजे. गळा मात्र आवळता कामा नये. मी बावन्नाव्या वर्षी "घट्ट म्हणजे वेगवान" या एका दुकानदाराच्या बोलण्याला भुललो. परदेशातल्या एका तलावात दोनशे मीटरवर गळ्याला फास बसल्यासारखं झालं. त्यात गार पाणी, म्हणजे पहिली दोन मिनिटं श्वास असाही उडतो. शेवटी बचाववाल्यांच्या होडीला लोंबकळलो. हे तुझ्या आईला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

तू लिहितेस, "सूट आहे, आता शर्यतीतल्या १.९ किलोमीटर पोहण्याची भीती नाही." इथेच माझं डोकं फिरलं. कोंदिवड्याच्या विहिरीवरचा तो दिवस आठव. पोहायला शिकताना पाठीला बांधलेला डबा कधी सुटला ते तुला कळलंही नाही, आणि तू चार हात मारून पायरीला लागलीस. त्या दिवशी तुला पोहणं आलं, आदल्या महिनाभरात नव्हे. हा सूटही डबाच गं, रबरी आणि महागडा. पाय वर धरतो, दम वाचवतो, पण पोहणं शिकवत नाही. शिवाय तो सगळीकडे चालतही नाही. आयर्नमॅनच्या नियमात पाणी २४.५ अंशांपर्यंत असेल तरच तो घालून बक्षिसाला पात्र राहता येतं, २८.८ च्या वर तर घालायलाच बंदी. २०१९ पासून गोव्यात जी अर्धी आयर्नमॅन होते, तिथल्या कोमट समुद्रात तुझा हा डबा काय कामाचा? इंग्लिश खाडी पोहून जाणारे तर सूट न घालताच जातात, आणि तिथलं पाणी किती गार असतं ते तुला माहीत आहे.

आता मुख्य गोष्ट. "रविवारी पेज नदीवर जाऊन ट्राय करते" हे वाक्य तू किती सहज लिहिलंस! भिवपुरीला टाटांच्या केंद्रात १९२२ पासून वीज होते, आणि तिथून सोडलेलं पाणी पेजेत येतं, म्हणून ती मे महिन्यातही वाहते. केंद्र सुरू झालं की पाणी चढतं, ते तुला विचारून नाही. त्यात मेचं ऊन आणि अंगावर रबर. अंग तापून चक्कर आली तर काठावर कोण आहे? खालापूरकडे मोरब्याचं धरण आहे म्हणशील, तर ते नवी मुंबईचं प्यायचं पाणी आहे. त्याचं नावही काढू नकोस.

रागावलो असं वाटत असेल तर वाटू दे. दर पावसाळ्यात आपल्या तालुक्यातून कोणाचं ना कोणाचं पोर पाण्यात जातं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पोहता येत असतं.

रविवारी सातच्या आत विहिरीवर ये. आधी सूटशिवाय तासभर पोहायचं. मग सूट घालून दहा मिनिटं, मी पायरीवर बसलेला असताना. नंतर तो गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवायचा. मामी घावणे करणार आहे, पण ते पोहून झाल्यावर.

पेजेवर एकटीने जायचं नाही.

तुझा,
मामा

ता. क. नखं कापून ये.